प्रयोगातला उंदीर आणि आपलं ताट

‘भरपूर चरबी खाऊनही तंतुमय आहारामुळे उंदरांचं हृदय शाबूत’ अशा धर्तीची बातमी वर्षातून दोन-चारदा तरी छापून येते. ती घरच्या ग्रुपवर पोचली की तिचे हमखास दोन अर्थ लावले जातात. एक, रात्री इसबगोल घेतलं की दिवसा तूप, चीज, वडापाव सगळं चालतं. दुसरा, उंदरांचं उंदरांपाशी, आपल्याला काय त्याचं? ज्यांच्या हातात नुकताच कोलेस्टेरॉल वाढल्याचा रिपोर्ट पडला आहे किंवा ज्यांच्या घरात वडील-काका पन्नाशीतच हृदयविकाराने गेले, त्यांना हे दोन्ही अर्थ सारखेच महागात पडू शकतात. प्राण्यांवरचे प्रयोग हृदयाबद्दल खूप काही सांगतात, पण ते वाचावे लागतात ते नीट प्रश्न विचारून. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.

पहिला प्रश्न प्राणी कोणता, हा. 1913 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्ह आणि त्यांचे सहकारी सेम्योन खलातोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. सशांच्या महाधमनीत माणसांत दिसतात तसे मेदाचे थर जमले. कोलेस्टेरॉल आणि धमन्यांचा आजार यांचा संबंध प्रयोगाने दाखवला गेला तो इथे. पण तसंच खाद्य उंदरांना आणि कुत्र्यांना दिलं तेव्हा थर काही जमेनात, आणि त्यामुळे कित्येक वर्षं अनेक शास्त्रज्ञ हा सगळा विषयच सशापुरता मानत राहिले. ससा गवत-पाला खाणारा. त्याच्या नैसर्गिक खाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच, म्हणून ते बाहेरून आलं की त्याचं शरीर ते आवरू शकत नाही. उंदराचं उलट. त्याच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमधून, म्हणजे ज्याला आपण ‘चांगलं’ म्हणतो त्यातून वाहून नेलं जातं. माणसाच्या रक्तात मोठा वाटा एलडीएलचा, म्हणजे ज्याला ‘वाईट’ म्हणतात त्याचा असतो. त्यामुळे साध्या उंदराला कितीही लोणी चारलं तरी त्याच्या धमन्या सहसा भरत नाहीत.

मग आज वर्तमानपत्रांत येतात ते कुठले उंदीर? 1992 मध्ये अपो-ई नावाचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी एलडीएल उचलून घेणारा ग्राहक (रिसेप्टर) नसलेले. अपो-ई नसलेल्या उंदराचं कोलेस्टेरॉल साध्या खाद्यावरही 400च्या पुढे असतं. हे प्राणी संशोधनाला अतिशय उपयोगी पडले आहेत, पण ते सर्वसाधारण माणसाचे प्रतिनिधी नव्हेत. जन्मजात बिघाड असलेल्या माणसाच्या ते अधिक जवळ जातात. तंतूंच्या अभ्यासासाठी मला गिनीपिगवरचे प्रयोग जास्त भरवशाचे वाटतात, कारण त्याचं कोलेस्टेरॉल आपल्यासारखंच मुख्यतः एलडीएलमध्ये असतं. इसबगोल, पेक्टिन आणि ग्वार गम, म्हणजे आपल्या गवारीच्या बियांपासून काढतात तो डिंक, हे तिन्ही देऊन गिनीपिगांचं एलडीएल कमी होतं असं अमेरिकेतल्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि बातमीत जवळजवळ कधीच न येणारा. ज्या प्राण्यांशी तुलना केली, ते काय खात होते?

1960च्या दशकात फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड क्रिचेव्हस्की सशांवर काम करत होते. त्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. संपृक्त मेद स्टार्च-साखर-प्रथिनांच्या शुद्ध मिश्रणात घालून दिला की सशांच्या धमन्या खराब होत. तोच मेद सशांच्या नेहमीच्या, लसूणघासासारखा चारा असलेल्या खाद्यात घालून दिला तर तसं होत नसे. मेद एकच, ससे तेच. फरक होता तो भोवतालच्या चोथ्यात. तंतूंचा हृदयाशी काही संबंध असावा, हा विचार प्राण्यांच्या प्रयोगांतून ठळकपणे पुढे आला तो असा. पुढे 1970च्या दशकात डेनिस बर्किट आणि ह्यू ट्रॉवेल या आफ्रिकेत वर्षानुवर्षं काम केलेल्या ब्रिटिश डॉक्टरांनी तिथल्या चोथायुक्त खाण्याचा आणि तिथे क्वचितच दिसणाऱ्या हृदयविकाराचा संबंध जोडला, तेव्हा या विचाराला बळ मिळालं.

क्रिचेव्हस्कींचा धडा मात्र आजही अनेक प्रयोगशाळांत विसरला जातो. ‘अतिमेद आहार’ म्हणून उंदरांना जे खाद्य देतात, त्यातल्या एका फार प्रचलित प्रकारात 60 टक्के उष्मांक मेदातून येतात, तेही मुख्यतः डुकराच्या चरबीतून. त्यात तंतू म्हणून असतो तो साधारण 6 टक्के सेल्युलोज. तुलनेच्या गटाला पुष्कळदा नेहमीचं दाणेदार खाद्य दिलं जातं. ते गहू, मका, सोयाबीन, लसूणघास यांचं, आणि त्यात तंतूंचं प्रमाण याच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहून जास्त, शिवाय अनेक जातींच्या तंतूंचं. म्हणजे दोन गटांत फरक केवळ मेदाचा राहत नाही. एकाला चरबी मिळते आणि दुसऱ्याला चरबी कमी, तंतू भरपूर, साखर नाही, वनस्पतींतली इतर रसायनंही मिळतात. नंतर जे बिघडतं त्याचं सगळं खापर चरबीवर फोडलं जातं. 2015 मध्ये अटलांटाच्या एका गटाने दाखवलं की विद्राव्य तंतू नसलेलं शुद्ध खाद्य मेद कमी ठेवूनही दिलं तरी उंदरांची मोठी आतडी आक्रसतात आणि अंगावर चरबी चढते, आणि त्यात इन्युलिन हा विद्राव्य तंतू घातला की आतडं सावरतं. म्हणून चरबीविषयीची बातमी वाचतानाही तंतूंचा प्रश्न विचारायचा, आणि तंतूंविषयीची वाचताना चरबीचा. दोन्ही गटांना एकाच कारखान्याचं, एकाच पद्धतीचं खाद्य देऊन फक्त एक घटक बदलला असेल, तर त्या प्रयोगाला वजन द्या. नसेल तर बातमी वाचून बाजूला ठेवा.

तिसरा प्रश्न, तंतू कोणता? सरसकट ‘फायबर’ म्हणून चालत नाही. गव्हाच्या कोंड्यातला सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, फुगून घट्ट होत नाही. शौचाला तो फार चांगला, कोलेस्टेरॉलवर त्याचा परिणाम नगण्य. इसबगोल, ओट्स आणि जवातला बीटा-ग्लुकान, मेथीदाण्यातला आणि गवारीच्या बीतला डिंक, फळांतलं पेक्टिन हे पाण्यात बुळबुळीत होतात. मेथीदाणे रात्रभर भिजवले की हाताला लागतं तेच ते. हा बुळबुळीतपणाच कामाचा आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, ती जेवणातल्या मेदाच्या पचनासाठी आतड्यात उतरतात आणि लहान आतड्याच्या शेवटी त्यांतली सुमारे 95 टक्के परत शोषली जाऊन यकृताकडे जातात. चिकट तंतू त्यांतली काही अडकवून बाहेर घेऊन जातात. मग तूट भरून काढायला यकृताला नवी पित्ताम्लं बनवावी लागतात आणि त्यासाठी लागणारं कोलेस्टेरॉल ते रक्तातल्या एलडीएलमधून ओढून घेतं. प्राण्यांच्या विष्ठेतली पित्ताम्लं मोजून आणि यकृतातले एलडीएलचे ग्राहक मोजून ही साखळी उलगडली गेली. माणसाच्या यकृताचा तुकडा काढून असा अभ्यास सहजी करता येत नाही, आणि प्राण्यांच्या प्रयोगांचं खरं मोल मला इथे दिसतं.

दुसरी वाट आतड्यातल्या जिवाणूंची. ते तंतू आंबवून अॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लं तयार करतात. 2017 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी रक्तदाब वाढवलेल्या उंदरांना तंतूंचा भरपूर आहार, किंवा नुसतं अॅसिटेट दिलं, तेव्हा रक्तदाब उतरला आणि हृदयाच्या स्नायूत तयार होणारी कडक ऊतीही कमी झाली. पुढच्या वर्षी विस्कॉन्सिनमधून आलेला अभ्यास आणखी बारकाईचा होता. अपो-ई नसलेल्या उंदरांत रोजबुरिया नावाचा ब्युटिरेट बनवणारा जिवाणू सोडला, तेव्हा धमन्यांतले थर कमी झाले, पण केवळ ज्यांच्या खाद्यात वनस्पतींचे गुंतागुंतीचे तंतू होते त्यांच्यातच. तंतू नसतील तर जिवाणू असूनही फायदा शून्य. प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूल घेऊन वर मैद्याचं खाणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा. मात्र इथेही सावध राहायला हवं. उंदीर आणि ससे स्वतःच्या विष्ठेतला काही भाग परत खातात, आणि त्यांचं अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, शरीराच्या मानाने खूप मोठं असतं. आंबवण्याच्या क्रियेचा लाभ त्यांना आपल्यापेक्षा बराच जास्त मिळतो.

काढून शुद्ध केलेला तंतू पावडरीच्या रूपात खाद्यात मिसळणं आणि धान्य-डाळीतून तो मिळणं यांतही फरक आहे. 2018 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, जिवाणूंचं संतुलन आधीच बिघडलेल्या विशिष्ट जातीच्या उंदरांना दीर्घकाळ शुद्ध इन्युलिन दिल्यावर त्यांतल्या काहींना यकृताचा कर्करोग झाला. यावरून इन्युलिनला घाबरण्याचं कारण नाही; ते उंदीर मुळात आजारी होते. पण ‘फायबर वाढवलेलं’ असं छापलेलं बिस्कीट म्हणजे मटकीची उसळ नव्हे, एवढं त्यातून नक्की कळतं.

चौथा प्रश्न प्रमाणाचा. समजा, खाद्यात 10 टक्के तंतू होते. आपण दिवसाला पाण्याचा अंश वगळून साधारण 450 ग्रॅम कोरडं अन्न खातो. त्याच्या 10 टक्के म्हणजे 45 ग्रॅम, आणि एकाच जातीचा शुद्ध तंतू तेवढा रोज खाणं माणसाला जमणारं नाही. अशा आकड्यावरून मिळालेला परिणाम आपल्याला कमी मिळणार, हे धरून चालावं. मेदाचंही तसंच. 60 टक्के उष्मांक मेदातून घेणारी माणसं विरळच. अपो-ई उंदरांसाठी वापरतात त्या ‘पाश्चात्त्य’ खाद्यात वजनाने साधारण 21 टक्के मेद असतो, आणि तो माणसाच्या खाण्याच्या बराच जवळचा आहे.

आणि मोजलं काय? उंदरांत बहुधा हृदयाला लागून असलेल्या महाधमनीच्या मुळाशी साचलेल्या थराचं क्षेत्रफळ मोजतात. उंदरांत तो थर फुटून गुठळी होणं, म्हणजे ज्याला आपण झटका म्हणतो ते, क्वचितच घडतं. ‘हार्ट अटॅक टळला’ असं कुणी उंदरांच्या प्रयोगावरून लिहीत असेल, तर ते त्या प्रयोगात मोजलंच गेलेलं नसण्याची शक्यता फार मोठी.

एवढे प्रश्न विचारल्यावर हाती काही उरतं का? उरतं, आणि त्याचं उत्तम उदाहरण आपल्याच देशातलं आहे. आग्र्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात के. एस. माथुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांचं कोलेस्टेरॉल आहाराने वाढवून त्यांना हरभरा दिला, तेव्हा रक्तातलं आणि ऊतींमधलं कोलेस्टेरॉल उतरलं. तो निबंध 1964 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे न थांबता त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. 20 निरोगी पुरुषांना दिवसाला 156 ग्रॅम दुधाचा मेद असलेला आहार दिला. कोलेस्टेरॉल चढलं. मग मेद तसाच ठेवून धान्याच्या जागी हरभरा दिला. वर्षभराने कोलेस्टेरॉलची सरासरी सुमारे 206वरून 160पर्यंत आली होती आणि शौचावाटे बाहेर जाणारी पित्ताम्लं वाढली होती. 1968 मध्ये हा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. प्राण्यांत कळलेली यंत्रणा माणसांत तपासून पाहिली आणि ती तीच निघाली; प्राण्यांच्या प्रयोगावर विश्वास ठेवायचा तो अशा वेळी. हरभऱ्याच्या परिणामात तंतूंखेरीज त्यातल्या प्रथिनांचा आणि इतर घटकांचा वाटाही असणार, पण ताटात हरभरा येतो तो सगळ्यासकटच.

उलटंही घडतं. वेल्समध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 2033 पुरुषांना आहाराबाबत वेगवेगळे सल्ले दिले गेले. 1989 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा, धान्यातले तंतू वाढवायला सांगितलेल्यांत दोन वर्षांत मृत्यू कमी झालेले नव्हते. तिथे भर होता तो गव्हाच्या पावावर आणि कोंड्यावर, म्हणजे न चिकटणाऱ्या तंतूंवर, आणि काळही थोडा होता. मात्र 2019 मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी माणसांवरच्या शेकडो अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात कमी तंतू खाणाऱ्यांच्या तुलनेत भरपूर खाणाऱ्यांत एकूण मृत्यू आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू 15 ते 30 टक्क्यांनी कमी दिसले, आणि दिवसाला 25 ते 29 ग्रॅम तंतू पुरेसे लाभदायक ठरले. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारसही 2000 उष्मांकांच्या आहाराला साधारण 30 ग्रॅमची आहे.

आता ताटाकडे वळू. शंभर ग्रॅम कच्च्या धान्यात किती तंतू असतात पाहा: पांढरा तांदूळ 3 ग्रॅमच्याही आत, ज्वारी 10, बाजरी आणि नाचणी 11च्या आसपास, मटकी 15, अख्खा हरभरा 25, सोललेली हरभराडाळ 15. ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्यांतून 10 ग्रॅम मिळतात, 40 ग्रॅम हरभऱ्याच्या उसळीतून आणखी 10, दोन वाट्या भाजीतून 6-7, एका पेरूतून 8. झाले 30च्या वर, कुठलीही पावडर न घेता. हेच ताट पाव, पोहे, साबुदाणा, गाळलेल्या पिठाच्या पोळ्या आणि पांढरा भात यांचं असेल तर पंधराही होणार नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा होणारी उसळ रोजची करा, एवढाच एक बदल करायचा असेल तर हा करा. झुणका-पिठलं चांगलंच, पण बेसनाचं साल गेलेलं असतं. अख्खे हरभरे, चवळी, मटकी, कुळीथ, वाल यांना तोड नाही. गहू दळून आणलात तर पीठ चाळून कोंडा फेकू नका. भेंडी, गवार, वांगं, शेवग्याच्या शेंगा, पेरू, सालासकट सफरचंद यांतून विद्राव्य तंतूही मिळतात.

इसबगोलाला जागा आहे, औषधासारखी. कोलेस्टेरॉलवर त्याचा परिणाम माणसांत पुरेसा सिद्ध झाला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1998 मध्ये दिवसाला त्यातले 7 ग्रॅम विद्राव्य तंतू हृदयाला हितकर असल्याचं लिहायची परवानगी दिली. त्यासाठी सुमारे 10 ग्रॅम भुसी लागते, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, आणि ती जेवणाबरोबर घेतलेली बरी, कारण पित्त उतरतं ते जेवणानंतर. एलडीएल 5 ते 10 टक्के उतरेल. एवढंच. तुपाचा परवाना त्यातून मिळत नाही. एका मोठ्या चमचाभर तुपात सुमारे 9 ग्रॅम संपृक्त मेद असतो, आणि 2000 उष्मांकांच्या आहारात दिवसाची मर्यादा आहे 22 ग्रॅमच्या आसपास. दूध, चीज, बिस्किटं, खोबरं यांतला वेगळा मोजायचा. आग्र्याच्या त्या माणसांचं कोलेस्टेरॉल हरभऱ्याने उतरलं खरं, पण दुधाच्या मेदाने ते आधी चढलं होतं हे विसरू नका.

तंतू वाढवायचे ते दोन-तीन आठवड्यांत हळूहळू, नाहीतर पोट फुगतं, वायू होतो आणि माणूस चौथ्या दिवशी सगळं सोडून देतो. पाणी भरपूर हवं. इसबगोल कोरडं किंवा अपुऱ्या पाण्यात कधीच घेऊ नये, ते घशात अडकू शकतं. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतड्याला अडथळा होऊन गेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. हृदयाच्या पंपिंगच्या आजारामुळे ज्यांना पाण्याचं प्रमाण ठरवून दिलं आहे, त्यांनीही आधी विचारावं. थायरॉइडची गोळी, डिगॉक्सिन आणि इतर काही औषधं इसबगोलासोबत नीट शोषली जात नाहीत. त्यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडच्या गोळीसाठी चार तास ठेवलेले अधिक चांगले. मधुमेहाची औषधं चालू असताना मेथीदाणा सुरू केलात तर साखर जास्त खाली जाऊ शकते, ती तपासत राहा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कडधान्यं किती खायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. तंतू तिच्या सोबतीला आहेत, तिच्या जागी नाहीत.

फरक पडतोय का, हे पाहायचं तर प्रयोगशाळेतली शिस्त घरी पाळा. सुरुवातीला लिपिड प्रोफाइल करून घ्या. मग तेल, तूप, औषधं, चालणं सगळं होतं तसंच ठेवून फक्त रोज अख्ख्या कडधान्याच्या एका वाटीची, किंवा वर सांगितलेल्या मात्रेतल्या इसबगोलाची, भर घाला. दोन्ही एकदम नको, नाहीतर कशाने काय झालं हे कळणार नाही. 8 ते 12 आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, पहिल्यासारखंच उपाशीपोटी किंवा पहिल्यासारखंच खाऊन, पुन्हा तपासणी करा आणि एलडीएलचा आकडा शेजारी ठेवून पाहा. दोन-चार अंकांचा फरक रोजच्या चढउतारातही येतो, त्यावर हुरळून जाऊ नका आणि खट्टूही होऊ नका. दहाच्या पुढचा उतार दिसला तर दोन्ही कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा.